जवाचें कालवण आणि पाण्याचें माप

आपल्या मध्यम वर्गाच्या घरांत जव ह्या धान्याची ओळख बहुधा दोनच प्रसंगीं होते. घरांत कोणी तापानें पडलें म्हणजे तें डब्यांतून पीठ होऊन येतें, आणि 'बार्लीचें पाणी' ह्या नांवानें रोग्याच्या उशाशीं बसतें. किंवा नवरात्रांत घटाखालच्या मातींत पेरलें जाऊन नऊ दिवसांत पिंवळसर अंकुर दाखवितें. ह्या दोन प्रसंगांवरून ज्यानें जवाची परीक्षा केली असेल, त्यास हें धान्य शेंकडों वर्षें उत्तर युरोपांतील कष्टकऱ्यांच्या जेवणाचा आधार होतें हें सांगून पटणें कठिण आहे. तसें पाहिलें तर आपल्या पूर्वजांसही जव कांहीं परका नव्हता. ऋग्वेदांत 'यव' आहे, आणि आयुर्वेदांतील 'यवागू' ह्या पेजेच्या नांवांतही तोच आहे. त्या यवागूकडे आम्ही लेखाच्या शेवटीं वळणार आहों. तूर्त आम्हांस जी कथा सांगावयाची आहे ती गोमांस, जव आणि अळंबीं ह्यांच्या एका पोटभरीच्या कालवणाची, आणि त्यांत पाणी कोणीं किती ओतलें ह्याची आहे.

गोमांसाचें नांव येतांच आमच्या पुष्कळ वाचकांच्या कपाळास आंठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. हा पदार्थ त्यांनीं करावा किंवा चाखावा असा आमचा मुळींच आग्रह नाहीं. परंतु इतिहासास पंक्तिप्रपंच करून चालत नाहीं. दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजत होतें हें पाहिल्यावांचून त्याच्या घरीं कोण उपाशी राहिलें हेंही नीट समजत नाहीं; आणि ह्या चुलीचा धूर फिरत फिरत अखेरीस आपल्या दक्षिणेंतील दुष्काळापर्यंत येऊन पोंचतो, असें पुढें दिसून येईल.

प्रथम हें कालवण करतात कसें तें पाहूं. सहा माणसांच्या घरास दोन रत्तल मांस, सहा औंस जव, अर्धा रत्तल अळंबीं आणि सुमारें चार पिंट पाणी हें आजचें बेताचें प्रमाण म्हणतां येईल. मांस घ्यावयाचें तें नडगीचें किंवा खांद्याचें, म्हणजे जनावराच्या ज्या भागास जन्मभर श्रम पडले त्या भागाचें. असें मांस चिवट असतें म्हणून स्वस्त असतें, आणि चिवट असतें म्हणूनच ह्या भांड्यास योग्य असतें. त्यांतील पांढरट तंतु दोन-अडीच तास मंद आंचेवर राहिले म्हणजे विरघळून त्यांचा सरस होतो, व रस्सा ओठांस किंचित् चिकटूं लागतो. आंच मोठी केली तर तेंच मांस सुंभासारखें कोरडें होतें. मांसाच्या फोडी आधीं चरबींत खरपूस तांबूस करतात; मग त्याच चरबींत कांदा, गाजर व सेलरी परततात. भांड्याच्या बुडास जी तांबूस खरवड धरते ती टाकून न देतां थोडें पाणी घालून सोडवून घेतात, कारण स्वादाचा मोठा वांटा तेथेंच असतो. मग उरलेलें पाणी व मीठ घालून, पहिल्या उकळीचा फेस काढून भांडें झांकून ठेवावयाचें. दीड तासानें जव घालावयाचा, आणि त्यानंतर अर्ध्या तासानें निराळीं परतून घेतलेलीं अळंबीं. जव फुगून तिप्पट होतो व आपल्या अंगचा चिकटपणा पाण्यास देतो. तें कालवण रात्रभर राहिलें तर सकाळीं त्यांत चमचा उभा राहील इतकें आळतें. मग त्यांत पुन्हां पाणी घालून तें दुसऱ्या दिवशींही पुरवितां येतें.

ह्या शेवटच्या वाक्यांत ह्या पदार्थाचें सर्व मर्म आहे. हें कालवण समृद्धींतून जन्मलें नाहीं. थोडें मांस पुष्कळ माणसांस कसें पुरवावें ह्या चिंतेंतून तें जन्मलें. पूर्वीं उत्तर युरोपांत हिवाळाभर जनावरांस पुरेल इतका चारा नसे. म्हणून ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणासुमारास पोसतां न येण्यासारखीं जनावरें मारून त्यांचें मांस खारवीत, आणि वसंत ऋतु येईपर्यंत त्यावर भागवीत. त्या खारट तुकड्याचा खारटपणा पाण्यानें व जवानें शोषून घ्यावा, आणि जवाचा अळणीपणा त्या तुकड्यानें घालवावा, असा तो संसार होता. घरांत चूल एक, भांडें एक, जळण बेताचें. त्या भांड्यांत मांसाचा वांटा कमी झाला तरी जेवणाऱ्यास तो कमी झाल्यासारखें वाटूं नये, ही त्या घरच्या गृहिणीची सारी विद्या होती. आणि ह्या विद्येंत जव व अळंबीं हे तिचे दोन मदतनीस होते.

जवाची प्रतिष्ठा मात्र कधींच मोठी नव्हती. दहा हजार वर्षांपूर्वीं पश्चिम आशियांत माणसानें जीं पहिलीं धान्यें माणसाळविलीं त्यांत जव होता. तथापि गहूं मिळूं लागतांच जवाचें पान खालीं मांडलें गेलें. रोमन सैन्यांत जी तुकडी भित्रेपणा करी तिला शिक्षा म्हणून गव्हाऐवजीं जव देत. रोमच्या आखाड्यांत लढणाऱ्या मल्लांस 'जवखाऊ' असेंच टोपण नांव पडलें होतें. परंतु जेथें थंडी अधिक, उन्हाळा आंखूड आणि जमीन हलकी, तेथें गहूं रुसतो व जव पिकतो. म्हणून स्कॉटलंडांत ओट आणि जव हींच धान्यें लोकांचीं झालीं. जवाच्या दाण्यास टरफल घट्ट चिकटलेलें असतें. तें काढून दाणा मोत्यासारखा गोल घासण्याची कला डच लोकांस अवगत होती. इंग्लंड व स्कॉटलंड ह्यांच्या १७०७ सालच्या एकीकरणास ज्यानें कडाडून विरोध केला, त्या साल्टनच्या अँड्र्यू फ्लेचरनें १७१० सालीं जेम्स मीकल नांवाच्या गिरणीकारास ही कला शिकण्यासाठीं हॉलंडास धाडलें, व परत आल्यावर साल्टन येथें जव सडण्याची गिरणी उभी राहिली. राज्य गमावलेल्या देशाभिमानी पुरुषानें आपल्या लोकांच्या भांड्यांतल्या दाण्याकडे वळावें, ह्यांत आम्हांस कांहीं विसंगत दिसत नाहीं.

ह्याच स्कॉटिश रश्श्याशीं डॉक्टर जॉन्सनची एक गोष्ट जोडलेली आहे. आपल्या १७५५ सालच्या कोशांत ओट ह्या शब्दाचा अर्थ देतांना, इंग्लंडांत जें घोडे खातात तें स्कॉटलंडांत माणसें खातात, अशा आशयाचा टोमणा ह्या विद्वानानें मारला होता. पुढें १७७३ सालीं तो बॉस्वेलसह स्कॉटलंडच्या प्रवासास गेला असतां अबर्डीन येथें त्याच्यापुढें जव व वाटाणे घातलेला रस्सा आला. हा पदार्थ त्यानें पूर्वीं कधीं खाल्ला नव्हता. आतां मात्र त्यानें बशीमागून बशी संपविली, आणि पुन्हां कधीं मिळेल ह्याची उत्सुकता दाखविली, असें बॉस्वेलनें नमूद करून ठेविलें आहे. कोशांतील व्याख्या बदलली नाहीं. पण व्याख्या करणाऱ्याची जीभ बदलली.

अळंब्यांचा इतिहास पूर्वेकडचा. पोलंड, लिथुएनिया व रशिया येथील अरण्यांत शरद् ऋतूंत अळंबीं वेंचणें हा घरादाराचा उद्योग असतो. मिकीव्हिच ह्या पोलिश महाकवीच्या १८३४ सालच्या 'पान तादेऊश' काव्यांत अशा वेंचणीचा एक संबंध प्रसंग आहे. वेंचलेलीं अळंबीं दोऱ्यांत ओंवून चुलीवर सुकवितात व हिवाळ्यांत तीं जवाच्या कालवणांत टाकतात. पोलिश भाषेंत त्या कालवणास 'क्रुप्निक' म्हणतात, आणि त्या शब्दाचें मूळ सडलेलें धान्य ह्या अर्थाच्या शब्दांत आहे. त्या प्रदेशांतून अमेरिकेस गेलेल्या यहुदी कुटुंबांनीं तें न्यूयॉर्कला नेलें. पश्चिमेस फ्रेंच लोकांनीं अळंबीं घोड्याच्या लिदीवर पिकविण्याची युक्ति साधली. तिचें शास्त्रीय वर्णन तूर्नफोर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १७०७ सालीं पॅरिसच्या विज्ञानपरिषदेपुढें केलें. सुकविलेल्या मूठभर अळंब्यांनीं मांसाचा भास कां व्हावा, ह्याचें उत्तर बऱ्याच उशीरां मिळालें. १९०८ सालीं इकेदा ह्या जपानी रसायनशास्त्रज्ञानें समुद्रशैवालाच्या रश्श्यांतून ग्लुटामेट वेगळें काढलें व ह्या चवीस 'उमामी' असें नांव दिलें. अळंब्यांत तेंच द्रव्य असतें, आणि सुकविलेल्या कित्येक जातींत त्याचा प्रभाव वाढविणारें दुसरेंही एक द्रव्य असतें. सारांश, जव पाण्यास अन्नाचें रूप देतो, व अळंबें त्यास मांसाची चव देतें. ह्या दोन साधनांनीं गृहिणी अभाव झांकीत असे. परंतु ज्या भांड्यांतून ती इतरांस वाढी त्याच भांड्यांतून, आणि बहुधा सर्वांच्या मागून, ती स्वतः जेवी. पाणी अधिक झालें तर तें तिच्याच पोटांत जाई.

आतां ही विद्या घरांतून निघून सरकारी कचेरींत गेली तेव्हां काय झालें तें पाहूं.

बेंजामिन टॉम्सन हा मॅसॅच्युसेट्समध्यें १७५३ सालीं जन्मलेला मनुष्य. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत इंग्लंडच्या राजाची बाजू घेतल्यामुळें त्यास देश सोडावा लागला. पुढें तो बव्हेरियाच्या इलेक्टरच्या चाकरीस लागला व काउंट रम्फर्ड ह्या पदवीनें प्रसिद्ध झाला. तोफेच्या नळ्या कोरतांना निघणाऱ्या उष्णतेवरून, उष्णता हा पदार्थ नसून गति आहे असें प्रतिपादणारा शास्त्रज्ञ तो हाच. १७९० सालच्या १ जानेवारीस म्यूनिक शहरांतील भिकारी त्यानें एकाच दिवशीं पकडविले, आणि त्यांच्यासाठीं एक उद्योगगृह उघडलें. तेथें त्यांस काम मिळे, ऊब मिळे व दुपारचें जेवण मिळे. त्या जेवणासाठीं रम्फर्डनें जव, वाटाणे, पाव, मीठ व शिरका ह्यांचें एक सूप सिद्ध केलें. पुढें त्यांत बटाटे आले. पण लोकांच्या मनांत बटाट्याविषयीं तिटकारा असल्यामुळें ते प्रथम गुपचूप, ओळखूं येणार नाहींत इतके शिजवून घातले. मांस त्यानें वगळलें. जळण वांचावें म्हणून त्यानें बंद चुली रचल्या, आणि पाव कडक असावा असा आग्रह धरला. कारण कडक पाव चावावा लागतो, व चावण्यानें जेवणाचें सुख लांबतें.

ह्या मनुष्याच्या सहृदयतेविषयीं आम्हांस शंका नाहीं. भिकाऱ्यास आधीं सद्गुणी करावा व मग सुखी करावा हा सर्वांचा क्रम त्यानें उलटा केला, आणि आधीं सुखी करून पाहिलें. परंतु हिशेब करतां करतां तो एका मोहांत सांपडला. जव दीर्घ काळ शिजविला म्हणजे पुष्कळ पाणी घट्ट होतें, आणि तें सूप प्यालेलीं माणसें समाधानी दिसतात, असें त्याच्या नजरेस आलें. पाणी हें मूलतत्त्व नसून संयुग आहे हा शोध त्या वेळीं ताजा होता, आणि वनस्पति पाण्यावर पोसतात असा समज होता. त्यावरून रम्फर्डनें अनुमान बांधलें कीं, जवाबरोबर नीट शिजलेलें पाणीही माणसाचें अन्न होत असलें पाहिजे. आज आपणांस हें हास्यास्पद वाटतें. जवांतील पिष्ट व बीटा-ग्लुकन नांवाचा चिकट तंतु पाणी धरून ठेवतात, पोट कांहीं वेळ भरलेलें राहतें, एवढेंच त्यांतलें खरें. पण ज्या अनुमानानें खर्च कमी होतो तें अनुमान फार लवकर सिद्धांत बनतें. रम्फर्डचे निबंध १७९६ पासून प्रसिद्ध होऊं लागले, आणि त्याचें सूप लंडनपासून जर्मन शहरांपर्यंत दरिद्र्यांच्या पंक्तींत वाढलें जाऊं लागलें.

घट्टपणा म्हणजे पोषण नव्हे ही गोष्ट कोणास ठाऊक नव्हती असें मात्र नाहीं. पॅरिसच्या रुग्णालयांत दार्से ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या सल्ल्यानें हाडांचा सरस काढून त्याचें सूप गरिबांस देत असत. त्याची चौकशी करण्यास माझांदी ह्या शरीरशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली. तिनें १८४१ सालीं असा निकाल दिला कीं, केवळ सरसावर प्राणी जगत नाहीं. हा निकाल जाहीर होऊन सुमारें चार वर्षें झालीं, तोंच आयर्लंडांतील बटाट्यावर रोग पडला.

आयर्लंडचें आश्चर्य असें कीं, तो गोमांसाचा देश होता. अठराव्या शतकांत कॉर्क बंदरांतून खारविलेल्या गोमांसाचीं पिपें ब्रिटिश आरमारास व वेस्ट इंडीजला जात. परंतु गुरें जमीनदारांच्या कुरणांत चरत, आणि तीं राखणारा कूळ एका तुकड्यावर बटाटे पिकवून जगे. १८४५ सालीं बटाटा कांहीं अंशीं कुजला. १८४६ सालीं जवळ जवळ सर्व कुजला. त्या हिवाळ्यांत सरकारनें उपाशी माणसांस रस्त्यांच्या कामांवर लावलें, आणि तीं कामावरच मरूं लागलीं. क्वेकर पंथाच्या लोकांनीं मात्र १८४६ सालींच ठिकठिकाणीं सुपाच्या चुली पेटविल्या होत्या. शेवटीं फेब्रुवारी १८४७ मध्यें पार्लमेंटनें सूप वांटण्याचा कायदा केला, आणि लंडनच्या रिफॉर्म क्लबचा प्रख्यात फ्रेंच आचारी अलेक्सी सॉयर ह्यास डब्लिनला पाचारण झालें.

सॉयर हा आपल्या कलेंत अद्वितीय होता, आणि तो धनलोभानें गेला नव्हता. डब्लिनच्या लष्करी बराकींपुढील मैदानांत त्यानें लांकूड व कापड ह्यांची एक मोठी शाळा उभारली. मध्यें ३०० गॅलनांचें भांडें. भोंवतीं लांब मेजांवर बसविलेले वाडगे. प्रत्येक वाडग्यास सांखळीनें बांधलेला चमचा. घंटा झाली कीं शंभर माणसें आंत येत, खात, आणि सुमारें सहा मिनिटांनीं दुसरी घंटा होतांच दुसऱ्या दारानें बाहेर पडत. १८४७ च्या ५ एप्रिलला हा समारंभ सुरू झाला. त्या दिवशीं शहरांतील प्रतिष्ठित स्त्रीपुरुष पांच शिलिंग देऊन दरिद्र्यांचें जेवण पाहावयास आले होते, आणि ह्या देखाव्याबद्दल टीकाही झाली.

सॉयरची पाककृति प्रसिद्ध आहे. दोन गॅलन पाण्यास पाव रत्तल गोमांस, दोन औंस चरबी, दोन कांदे, अर्धा रत्तल सडलेला जव, अर्धा रत्तल जाडें पीठ, तीन औंस मीठ, अर्धा औंस साखर, आणि सलगमच्या सालींसारखा कांहीं भाजीपाला. दोन गॅलन म्हणजे सोळा पिंट. आतां वर दिलेल्या घरगुती प्रमाणाशीं हें ताडून पाहूं. घरीं चार पिंट पाण्यास दोन रत्तल मांस, म्हणजे पिंटास आठ औंस. सॉयरच्या भांड्यांत पिंटास पाव औंस. मांस एकबत्तिसांशावर आलें. जव मात्र घरीं पिंटास दीड औंस, तर येथें अर्धा औंस. आणि त्याच्या जोडीस तितकेंच पीठ. म्हणजे मांस बत्तिसांतलें एक उरलें, पण रस्सा घट्ट करणारें द्रव्य तिहींतलें दोन उरलें. आमचें घरगुती प्रमाण आजच्या सुखवस्तु घराचें आहे, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु कोणतें द्रव्य किती घटविलें हें पाहिलें म्हणजे घटविणाऱ्याचें लक्ष कोठें होतें तें कळतें. डोळ्यांस दिसणारें तें राखलें, आणि अंगास लागणारें तें गेलें. एका माणसास दोन पिंट सूप दिलें असें धरलें तर त्यांतून आजच्या मापानें सुमारें ३०० किलोकॅलरी मिळत. वर थोडा पाव मिळे तो निराळा. दिवसभर राबणाऱ्या माणसास त्याच्या कित्येक पट लागतात.

हें त्या काळींही वैद्यांनीं बोलून दाखविलें. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रानें सॉयरच्या सुपाच्या पौष्टिकतेवर कठोर टीका केली. सॉयरचें उत्तर असें कीं, आपलें सूप थोर थोर सरदारांनीं, पार्लमेंटच्या सभासदांनीं व त्यांच्या स्त्रियांनीं चाखून उत्तम ठरविलें आहे. त्यांचें मत खोटें होतें असें नाहीं. तें सूप चवदारच असावें. परंतु चाखणारे तें चाखून आपल्या घरीं जेवावयास गेले. गृहिणीच्या भांड्यांत आणि ह्या भांड्यांत जो खरा भेद, तो येथें आहे. येथें पाणी ओतणारा निराळा व पिणारा निराळा.

तथापि न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ह्या सरकारी चुलींतून जुलै १८४७ च्या आरंभीं दररोज तीस लक्षांहून अधिक माणसांस अन्न मिळत होतें. रस्त्यांवर खडी फोडविल्यावांचून तें मिळत होतें. आणि त्या उन्हाळ्यांत मृत्यूंचें प्रमाण खालीं आलें, ह्याविषयीं इतिहासकारांचें बहुतेक एकमत आहे. पातळ कां होईना, पण जें होतें तें माणसाच्या हातीं पडत होतें. कांहीं मिशनांनीं सुपाबरोबर धर्मांतराची अट घातली, व 'सूप घेणें' ह्या शब्दांस आयरिश लोकांत स्वधर्मविक्रयाचा कायमचा अर्थ चिकटला. पण तो दोष सर्वांचा नव्हे. खरा घात पुढेंच झाला. त्या शरद् ऋतूंत बटाट्याचें पीक नवीन रोगापासून थोडेंफार वांचलें एवढ्यावर संतुष्ट होऊन सरकारनें त्या चुली विझविल्या, आणि उपाशी माणसांस तेथील दरिद्रालयांच्या व स्थानिक करांच्या स्वाधीन केलें. १८४१ च्या खानेसुमारींत आयर्लंडची वस्ती सुमारें ८२ लक्ष होती. १८५१ मध्यें ती सुमारें ६५॥ लक्ष उरली. सुमारें दहा लक्ष मेले, आणि त्याहून अधिक देश सोडून गेले.

हा सर्व कारभार लंडनच्या खजिन्यांतून ज्याच्या हुकमानें चालला तो अधिकारी म्हणजे चार्ल्स ट्रेव्हेलियन. आमच्या वाचकांस हें नांव अपरिचित नसेल. त्याची चाकरी सुरू झाली ती हिंदुस्थानांत. तो मेकॉलेचा मेहुणा. आणि आयर्लंडनंतर तो मद्रासचा गव्हर्नर व पुढें कलकत्त्यास हिंदुस्थान सरकारचा अर्थमंत्री झाला. जरुरीपेक्षां अधिक मदत केल्यानें लोक आळशी होतात, ही त्याची दृढ श्रद्धा होती. आयर्लंडच्या दुष्काळासाठीं कलकत्त्यानें आरंभींच वर्गणी पाठविली होती. उलट टपालानें आपणांस मिळाली ती ही श्रद्धा.

कारण १८७६ सालीं दक्षिणेंत पाऊस गेला तेव्हां तिचीच री ओढली गेली. सर रिचर्ड टेंपल ह्यानें दोनच वर्षांपूर्वीं बिहारच्या दुष्काळांत ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून लोक वांचविले होते, आणि त्याबद्दल उधळेपणाचा ठपका घेतला होता. जानेवारी १८७७ मध्यें लॉर्ड लिटनचा प्रतिनिधि म्हणून तो दक्षिणेंत आला तो हा ठपका धुवून काढण्याच्या इराद्यानें. दुष्काळी कामावरील मजुराची रोजी त्यानें एक रत्तल धान्याची किंमत व वर एक आणा इतकी खालीं आणली. येथें सूप नव्हतें, जव नव्हता, आणि मांसाचा तर प्रश्नच नव्हता. परंतु पाणी ओतण्याची क्रिया तीच होती. मुंबई इलाख्यांत हजारों मजूर कामें टाकून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें ह्या घटविलेल्या मजुरीविरुद्ध सरकारकडे लेखी गाऱ्हाणें मांडलें. मद्रासेंत आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश ह्यानें, एवढ्या धान्यावर मनुष्य श्रम करून जगूं शकत नाहीं असें निक्षून सांगितलें, आणि १८७७ च्या उन्हाळ्यांत तेथें तें माप वाढवावें लागलें. त्याच वर्षीं पुण्यानजीक धनकवडी येथें महात्मा फुले व सत्यशोधक समाज ह्यांनीं दुष्काळांतल्या मुलांना जेऊं घातलें. तोंवर ह्या दुष्काळांत मेलेल्यांची संख्या लक्षावधींवर गेली होती.

आतां यवागूकडे वळूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत यवागूचे २८ प्रकार सांगितले आहेत. ह्याहून आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो वैद्यांचा नांवें देण्याचा कटाक्ष. धान्य शिजविलेल्या पाण्यांत शीत नाहीं तो मंड. थोडीं शितें असलेली ती पेया. पाणी थोडें व शितें पुष्कळ ती विलेपी. प्रत्येकीस निराळें नांव, कारण प्रत्येकीचें काम निराळें. पंचकर्मानें क्षीण झालेल्या रोग्यास वैद्य प्रथम पेया देतो, मग विलेपी, आणि असा पायरीपायरीनें त्यास पूर्ण अन्नावर आणून सोडतो. पेयेस तो कधीं जेवण म्हणत नाहीं, आणि रोगी उठून बसला म्हणून पेयेवरच त्याची बोळवणही करीत नाहीं. रम्फर्ड, सॉयर व टेंपल हे कांहीं दुष्ट पुरुष नव्हते. त्यांतले दोघे तर निश्चयानें परोपकारी होते. त्यांची चूक एवढीच कीं, त्यांनीं पहिल्या पायरीस माडी म्हटलें.

उत्तरेकडील थंड देशांत आजही पानगळीच्या दिवसांत चुलीवर हें कालवण चढतें. मांसाचे तुकडे मऊ होतात, जव फुगतो, अळंब्यांचा वास घरभर पसरतो, आणि गृहिणी झांकण काढून पाहते. आळलें आहेसें दिसलें तर ती भांडेंभर पाणी ओतते, आणि आपला वाडगा त्याच भांड्यांतून भरून घेते.